शेवटचा डबा पाहणारे बाबूजी

आमच्या वरच्या खोलीत अकरा वर्षं एक भाडेकरू राहिले. रेल्वेत टेसनमास्तर होते, रिटायर होऊन आले होते. सगळं सौंसर गाव त्यांना बाबूजी म्हणायचं, म्हणून मीही बाबूजीच म्हणते. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी ते गेले. तेव्हापासून मनात होतं की या माणसाबद्दल कोणीतरी लिहिलं पाहिजे. कोणी लिहून नाही राहिलं, तेव्हा म्हटलं आपणच लिहावं. माझं शिकणं चौथीपर्यंतचं. जसं आठवेल तसं सांगते, मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

पहिल्या दिवशी खोली पाहायला आले तेव्हा त्यांनी ना भाडं विचारलं, ना पाणी किती वेळ येतं ते. विचारलं काय, तर "वहिनी, इथून रूळ किती दूर आहे?" मला वाटलं, रेल्वेचा माणूस, रूळ जवळ पाहिजे असेल. मी म्हटलं, आवाज येते, पण आमच्याकडं गाड्या कमीच. तर माणसाचा चेहरा असा खुलला की जसं काही मी जेवायलाच बोलावलं. म्हणाले, पांढुर्ण्याला भावाचं घर टेसनाच्या पाठीमागंच आहे. चार महिने राहिलो, पण झोपच नाही. दर गाडीला उठावं लागते.

"उठून काय करता?"

"शेवटचा डबा पाहतो."

मग मला उभ्या उभ्या समजावून सांगितलं. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्याला मागून एक खूण असते, दिवसा पाटी, अंधारात लाल दिवा. टेसनावरच्या माणसानं ती खूण आपल्या डोळ्यानं पाहायची. दिसली म्हणजे गाडी सगळीच्या सगळी आली. मग मागच्या टेसनाला फोन करून सांगायचं की बाबा, रस्ता मोकळा आहे, सोड पुढची. आणि नाही दिसली, तर समजायचं की गाडीचा एक तुकडा मागं रुळावरच राहिला. मी हसले. म्हटलं, एवढी मोठी गाडी, तिचा तुकडा कसा काय मागं राहील? ते हसले नाहीत. खोली घेतली.

आता त्यांच्या तऱ्हा सांगते. आमच्या घरी पाहुणे आले आणि जायला निघाले की बाबूजी वरून खाली यायचे आणि फाटकाशी उभे राहायचे. आपल्यासारखं "या बरं का" म्हणून आत वळायचे नाहीत. पाहुण्यांमधला शेवटचा माणूस कोपऱ्यावर वळेपर्यंत उभे. माझी नणंद मोहप्याची, जराशी जाड आहे, सगळ्यात मागं चालते. ती दोनदा वळून पाहायची आणि मग फोनवर मला म्हणायची, वहिनी, तुमचा भाडेकरू माह्याकडं काऊन पाहून राहिला होता? मी म्हटलं, तुझ्याकडं नाही गं माय, तू शेवटचा डबा आहेस. तेव्हापासून दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही.

गल्लीतून वरात निघाली की सगळे नवरदेव पाहायचे. बाबूजी जनरेटरची हातगाडी पाहायचे. ती सगळ्यात मागं असते ना. हातगाडी पुढं गेली की आत येऊन सांगायचे, "झालं वहिनी, रस्ता मोकळा." जसं काही मला लगेच बाहेर धावायचं होतं.

आणि दुसरं म्हणजे, सांगितलेली गोष्ट परत म्हणायची. मी म्हणायची, बाबूजी, बाजारात चाललेच आहात तर सांबार आणा पाच रुपयाचा (आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात), आणि अर्धा किलो वांगे. ते जागच्या जागी उभं राहून म्हणायचे, "सांबार पाच रुपयाचा. वांगे अर्धा किलो." मग मी "बरोबर" म्हणायचं. मी बरोबर म्हटल्याशिवाय पाय उचलायचे नाहीत. एकदा माझ्या हातात कणीक, गॅसवर दूध उतू जात होतं, मी विसरले. दूध उतरवून, शेगडी पुसून, पोळ्या करून बाहेर आले तर माणूस थैली घेऊन फाटकात उभा. मी म्हटलं, अजून गेले नाहीत? तर म्हणाले, "तुम्ही काही बोललेच नाही."

जिन्याची गंमत तर सांगायलाच पाहिजे. आमचा जिना असा अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला उलटं उतरावं लागतं. बाबूजींनी आल्या आठवड्यात सायकलच्या दोन घंट्या आणल्या. एक खाली बसवली, एक वर. वर जाणाऱ्यानं खालची वाजवायची, वरून उत्तराची घंटी आली की मगच चढायचं. पोरांना खेळच मिळाला. माझा मुलगा मात्र चिडायचा. त्याला सकाळी गच्चीवरून वाळलेला शर्ट आणायचा असे आणि खाली उभा राहून घंटी वाजवत बसावं लागे. एक दिवस पाच मिनिटं वरून उत्तरच येईना. तो ओरडला, बाबूजी, झोपले का काय? वरून शांत आवाज आला, "मांजर सेक्शनमध्ये आहे." पाहतो तर खरंच, मधल्या पायरीवर मांजर अंग चाटत बसलेलं. मांजर उतरलं, घंटी वाजली, मग आमचा मुलगा चढला.

आणखी एक. बाबूजी ताक प्यायचे नाहीत. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, माणूस ताकावर जगतो. मी हिंग-जिऱ्याचं ताक करून पाठवायची, ग्लास तसाच झाकलेला परत यायचा. दही खायचे, कढी खायचे, पण ताकाला हात नाही. मला वाटायचं, सोवळं-ओवळं असेल काही.

या माणसाशी घरात सगळ्यात जास्त कोणाचं पटलं असेल तर माझ्या नातीचं, स्नेहलचं. बाबूजी आले तेव्हा ती शाळेत होती. जिन्याच्या घंटीवर तीच ड्युटी करायची. अभ्यासही त्याच पायऱ्यांवर. पुढं नागपूरला इंजिनिअरिंग केलं, मग कोणती तरी परीक्षा दिली आणि एका मोठ्या विमानतळावर शिकाऊ म्हणून लागली. कोणत्या विमानतळावर ते नाही सांगत, त्याची गरजही नाही. विमानांना रस्ता सांगायचं काम. गल्लीतले लोक विचारायचे, पोट्टी विमान चालवते का? माझा मुलगा सांगायचा, नाही हो, चौकातल्या पोलिसासारखं असते ते. बाबूजींना हे अजिबात आवडलं नाही. म्हणाले, पोलिस गाडी घुसल्यावर शिट्टी मारते. हिचं काम घुसायच्या आधीचं आहे.

सुट्टीत आली की दोघं तासन् तास बोलायचे. ती सांगायची की विमानाला काही सांगितलं की पायलट तेच परत म्हणून दाखवतो, आणि आपण ते बरोबर आहे का ते ऐकायचं. बाबूजी माझ्याकडं असं पाहायचे की पाहा वहिनी, तुम्ही मला खुळा समजत होत्या.

दोन वर्षं झाली असतील. आंबिया बहाराची संत्री तोडायला आली होती, गल्लीत सगळीकडं खोक्यांचा वास. स्नेहल न सांगता आली. नागपूरच्या बसमधून उतरली, एकच पिशवी, आणि सरळ येऊन माझ्या पलंगावर भिंतीकडं तोंड करून झोपली. जेवली नाही. मी तिच्या केसातून हात फिरवत बसले, विचारलं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपणहून सांगितलं, मला आणि तिच्या बापाला.

मला जसं समजलं तसं सांगते. तिच्यासमोर एक पडदा असतो, त्यावर विमानं ठिपक्यांसारखी दिसतात, बाजूला त्यांची उंची लिहून येते. आणि हाताशी दर विमानाची एक कागदी पट्टी असते. विमान आपल्या हद्दीतून गेलं, पुढच्या माणसाच्या ताब्यात दिलं, की पट्टी काढून ठेवायची. शिकाऊ पोरं एकटी बसत नाहीत. शेजारी एक सर असतात, परवाना त्यांचा, काही झालं तर बटण दाबून ते बोलू शकतात. त्या दिवशी एका विमानाला तिनं सांगितलं, खाली उतरायला लाग आणि आता पुढच्या माणसाशी बोल. पायलट बाय म्हणाला. हिनं त्याची पट्टी काढली. पण विमान अजून त्याच उंचीवर होतं, उतरायला लागलं नव्हतं. पडद्यावर ठिपका दिसत होता. तिच्या डोक्यात मात्र पट्टी गेली म्हणजे विमान गेलं. आणि तिनं दुसऱ्या एका विमानाला त्याच उंचीवर चढायला सांगितलं.

दोन विमानांमध्ये वर-खाली हजार फूट तरी अंतर पाहिजे, नाहीतर आजूबाजूला काही मैल. ते उरलं नाही. पडद्यावर धोक्याची खूण लागली. सरांनी हिच्या आधी बटण दाबलं आणि जे विमान त्यांचं ऐकत होतं त्याला उजवीकडं वळवलं. दोन्ही विमानं सुखरूप गेली. आतल्या लोकांचा चहासुद्धा सांडला नसेल. हिला मात्र तिथून उठवलं, दुसऱ्या कोणाला बसवलं.

आता तिला घडलं ते आपल्या हातानं लिहून द्यायचं होतं. सोमवारपर्यंत. आणि अडचण अशी की तिची शिकण्याची मुदत एकदा वाढवून दिलेली होती. हे कागदावर आलं तर पुन्हा वाढवतील की घरी पाठवतील, कोणी सांगू शकत नव्हतं. पाच वर्षं पोरीनं दुसरं काही पाहिलं नव्हतं.

माझा मुलगा वाईट नाही. पण बाप आहे. त्यानं विचारलं, तेव्हा ते सर काय करून राहिले होते? ती म्हणाली, चहा घेत होते. तो म्हणाला, मग झालं ना. लिही की पट्टी काढायच्या आधी सरांना विचारलं, त्यांनी मान हलवली.

"बाबा, मी विचारलंच नाही."

"तिथं रेकॉर्डिंग असते म्हणते ना तू?"

"बोलण्याची असते."

"मानेची तर नसते?"

  खोटं सांगत नाही, माझ्याही मनात आलं की लिहू दे. त्या सरांचं वय झालेलं, नोकरी पक्की. त्यांची शिकवणी काढून घेतील, बोलणी बसतील, आणखी काय होईल? आमच्या पोरीचं तर सगळंच जाणार होतं. आपल्या माणसासाठी मन असं पटकन वाकतं की आपल्यालाही कळत नाही.

तेवढ्यात पाहते तर बाबूजी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले. घंटी न वाजवता उतरले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात वाचून झालेला पेपर होता, मला परत द्यायला आणला असेल. किती वेळचे बसले होते कोणास ठाऊक. उठले, आत आले, आणि खुर्ची असून खाली फरशीवर बसले. स्नेहलला म्हणाले, "बेटा, मी पण एक कागद लिहिला होता."

मग जे सांगितलं ते मी त्यांच्या शब्दांत सांगू शकत नाही, कारण ते फार थांबत थांबत बोलत होते. गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. एक लहानसं टेसन, नाव त्यांनी घेतलं नाही. मे महिना, भर दुपार. टेसनावर हे आणि एक पॉइंट्समन. सांधे बदलायचे, झेंडी दाखवायची, तो माणूस. उन्हानं बाबूजींचा जीव कासावीस झाला. पॉइंट्समनला म्हणाले, जा रे, गावातून लोटाभर ताक घेऊन ये. तो म्हणाला, साहेब, मालगाडी यायची आहे. हे म्हणाले, मी आहे ना, तू जा. तो गेला.

मालगाडी आली, धडधडत निघून गेली. बाबूजी आत डबा उघडून जेवत होते. आवाज थांबला, त्यांनी हात पुसला आणि मागच्या टेसनाला सांगून टाकलं की गाडी आली, रस्ता मोकळा. शेवटचा डबा पाहायला उठलेच नाहीत. चढावर गाडी तुटली होती. मागचे सहा डबे आणि त्यांच्यासोबत गार्ड, मागंच उभे होते. आणि मागच्या टेसनानं पॅसेंजर सोडली.

"मग?" स्नेहलनं विचारलं. ती उठून बसली होती.

गार्ड धावला होता. लाल झेंडी घेऊन, रुळावर इशाऱ्याचे फटाके लावत. पॅसेंजर थांबली. बाबूजी म्हणाले, इथून बसस्टँडापर्यंत असेल एवढं अंतर राहिलं होतं. डब्यातल्या बाया खिडकीतून डोकं काढून विचारत होत्या की गाडी काऊन थांबली.

चौकशी झाली. साहेब लोक आले. बाबूजींची बायको तेव्हा दिवसात होती. त्यांनी लिहून दिलं की पॉइंट्समननं मला सांगितलं, शेवटचा डबा पाहिला. नंतर पाहतो तर तो झाडाखाली झोपलेला होता. पॉइंट्समननं सांगितलं की मला ताकाला पाठवलं होतं. पण साहेबांनी मास्तरचं ऐकलं. त्याची बढती गेली, लांब जंगलातल्या टेसनावर बदली झाली. बाबूजींना फक्त ताकीद मिळाली. आणि ते मूल, ज्याच्यासाठी लिहिलं, ते काही जगलं नाही. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, जसं वांगे महाग झाले सांगावं.

तेव्हा मला झाकून परत आलेले ते ताकाचे ग्लास आठवले. मी पदर तोंडाला लावला.

बाबूजींनी तिला लिही म्हटलं नाही की लिहू नको म्हटलं नाही. थोड्या वेळानं स्नेहलच म्हणाली, "तो माणूस आता कुठं आहे?"

"मोहगावले."

"भेटले तुम्ही?"

"नाही."

सौंसरहून मोहगाव काही दूर आहे का? बसमध्ये बसून तिकीट काढेपर्यंत येऊन जातं. इतकी वर्षं हा माणूस इथं राहिला आणि गेला नाही. आणि मला वाटत होतं, ते गाड्यांच्या आवाजाला कंटाळून सौंसरला आले. दर बाजारच्या दिवशी ते बसस्टँडावर जाऊन मोहगावच्या बसजवळ उभे राहायचे, बस निघाली की परत यायचे. मी लोकांना हसून सांगायची, आमचे बाबूजी आता बसचाही शेवटचा डबा पाहून राहिले.

स्नेहल त्यांच्यासमोर फरशीवर येऊन बसली. मग म्हणाली, "मी आज लिहिते. तुम्ही उद्या जा."

 माझा मुलगा म्हणाला, अगं, ते वेगळं, हे वेगळं. ती म्हणाली, "बाबा, थांबा न जरा." आणि बाबूजींकडंच पाहत राहिली. शेवटी त्यांनी मान खाली घालून म्हटलं, "तू आज लिहिते. मी उद्या जातो."

"बरोबर," ती म्हणाली.

तिनं इंग्रजीत लिहिलं आणि आम्हाला मराठीत वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, पानं भरतील. खरं म्हणजे मधलं तेवढंच होतं: विमान पुढं गेलं असं समजून मी पट्टी काढली. पडद्यावर ते दिसत होतं, मी पाहिलं नाही. शेजारच्या सरांना मी विचारलं नाही. माझा मुलगा ऐकून उठला, मोटारसायकल काढली आणि बागेत निघून गेला. मला वाटलं, रागावला. संध्याकाळी आला तर सोमवारच्या पहाटेच्या बससाठी तिची सीट सांगून आला होता आणि पिशवीत निवडून निवडून आणलेली दोन डझन संत्री. म्हणाला, सरांना देजो.

तिचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहील. घरी पाठवलं नाही. पण पडद्यासमोरून उठवून पुन्हा वर्गात बसवलं, अगदी नवीन पोरांमध्ये. कित्येक महिने. तिच्या मागून आलेली पोरं पुढं गेली. तिनं फोनवर कधी रडून नाही दाखवलं, पण जेवली का विचारलं की हाव म्हणायची आणि विषय बदलायची. सरांनाही बोलणी बसलीच, शेजारी बसून चहात लक्ष होतं म्हणून. पण ती पुन्हा पडद्यावर बसली तेव्हा त्याच सरांनी सांगितलं की हिच्याशेजारी मीच बसतो. आता ती एकटी बसते. परवाना तिचा आहे.

आता मोहगावचं.

दुसऱ्या दिवशी बाबूजींनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. दोनदा खाली आले, दोनदा वर गेले. मग माझ्या दाराशी येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही येता का?" मी भाजीचा गॅस बंद केला आणि चपला घातल्या. बसमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही, आणि माझ्यासाठी ते किती कठीण आहे ते माझ्या घरच्यांना विचारा.

घर सापडायला वेळ लागला नाही. गावाच्या टोकाला संत्र्याच्या रोपांची लहानशी नर्सरी. पॉइंट्समन आता ऐंशीच्या घरातले, जाड चष्मा, खाली मातीत बसून जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधत होते. कलम बांधणाऱ्याचे हात इतके स्थिर असतात की पाहत राहावं. मान वर करून पाहिलं. ओळखलं. मी पाहिलं ना, ओळखलं. पण हातातली पट्टी बांधायची राहिली होती, ती आधी पुरी गुंडाळली, गाठ मारली, आणि मग म्हणाले, "बाबू."

बाबूजी उभेच. म्हणाले, "मी खोटं लिहिलं होतं."

"माहीत आहे मले. मीच तर ताक आणाले गेलो होतो."

मी पदरात हसले की रडले, मला सांगता येत नाही. बाबूजी पुढं काही म्हणायला लागले, माफीचंच असेल. त्या म्हाताऱ्या माणसानं मातीचा हात वर करून थांबवलं. रागानं नाही. म्हणाले, "मले सांगून काय फायदा बाबू? मले तर पहिल्यापासून माहीत आहे. यांना सांगा."

त्यांनी हात केला तिकडं त्यांची मुलगी दारात येऊन उभी होती. अंगणवाडीत काम करते, पन्नाशीच्या आतबाहेरची, हातात पोरांच्या हजेरीची वही तशीच. ती आमच्याकडं पाहून राहिली होती, कोण लोक आहेत म्हणून. म्हाताऱ्यांनी तिला सांगितलं, कागद आण, पेन आण. मग बाबूजींना म्हणाले, "तोंडानं मी चाळीस वर्षं सांगून राहिलो. कोणी ऐकते का? रेल्वेच्या कागदावर लिहिलेलं होतं ना. तुम्ही लिहून द्या."

नंतर चहा पिताना त्या मुलीनं मला सांगितलं, जंगलातल्या त्या टेसनावर बातमी यांच्याआधी पोचली होती. तिथं यांचं नावच झोप्या पडलं. ती शाळेत जायची तर पोरं मागून म्हणायची, झोप्याची पोरगी आली. लग्न जमवायच्या वेळी पण कोणीतरी हेच बोललं होतं. ती म्हणाली, मी लहानपणी बाबांना विचारायची की तुम्ही काऊन झोपले? ते म्हणायचे, मी नाही झोपलो. आणि मला त्यांच्यावर राग यायचा, की एक तर झोपले आणि वरून नाही म्हणतात.

पण हे नंतरचं. तेव्हा तिनं हजेरीच्या वहीतून मधलं पान काढून दिलं. बाबूजी ओट्यावर बसले. पहिली ओळ खालीच घसरली. पण लिहिलं. आपलं पूर्ण नाव, तेव्हाचा हुद्दा, टेसनाचं नाव, जे आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. लिहिलं की पॉइंट्समन झोपला नव्हता. मीच त्याला माझ्यासाठी ताक आणायला गावात पाठवलं होतं. तो गाडी येणार आहे म्हणून नको म्हणत होता. शेवटचा डबा मी पाहिला नाही. खाली सही केली. मला म्हणाले, साक्षीदार म्हणून तुम्ही पण करा. मी माझं नाव लिहिलं, चौथीतल्या अक्षरात.

म्हाताऱ्यांनी कागद स्वतः हातात घेतलाच नाही. मुलीकडं बोट दाखवलं.

तिनं उभ्या उभ्या मनात वाचला. एकदा वाचला, मग डोळे परत वर नेऊन पुन्हा. नर्सरीत पाण्याचा पाइप सुरूच होता, तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. मग तिनं बापाकडं पाहिलं.

"बाबा, तुम्ही झोपले नव्हते."

"मग काय सांगून राहिलो होतो मी?" म्हातारे म्हणाले आणि दुसरं रोप पुढं ओढलं. पण या वेळी चाकू काही हातात नीट धरवेना.

ती त्यांच्याजवळ मातीतच बसली, साडीची पर्वा न करता. आणि कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. आता मोठ्यानं. शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.